दोन सुयांचा टाका

मुलाखतीला चार दिवस उरले होते आणि ती हात ओढणीत लपवून बसली होती. "बाई, घड्याळं हातमोजे घालूनच दाखवतात ना?" हो म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. डाव्या तर्जनीवर विळ्याचा वण आहे, भात कापताना लागलेला.

हरसूलच्या शाळेत मी तिला शिकवलं. पुढं नाशिकला साड्यांच्या दुकानात तिनं दोन वर्षं पैठण्या दाखवल्या. आता मुंबईहून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या महागड्या वस्तूंच्या दुकानातून. 2023 मध्ये तिथं जिओ वर्ल्ड प्लाझा उघडल्यापासून परदेशी घराण्यांची दुकानं एका छपराखाली आली आहेत. तिथल्या एका पिशवीच्या किमतीत आमच्याकडं घर उभं राहतं.

वहीत तिनं त्या घराण्यांची नावं देवनागरीत उतरवली होती. लुई व्हितॉं, 1854, प्रवासाच्या पेट्या. एर्मेस, 1837, पॅरिस, घोड्यांचं चामडी सामान. आरंभीचा एच उच्चारायचा नाही. सगळं घडाघडा पाठ होतं, पण आवाजात ती स्वतः कुठंच नव्हती. "तुमच्याबद्दल सांगा" म्हटलं की ती "मी नाशिकची" एवढं सांगून थांबायची. मला ते फार लागलं. नागली-वरईचं, बोहाड्याच्या मुखवट्यांचं हे गाव तिनं का गिळून टाकावं?

तिसऱ्या दिवशी बाजार होता. तिच्या काळ्या बुटाची शिवण उसवली होती, म्हणून वहाणा शिवणाऱ्या काकांपुढं आम्ही बसलो. भोवती खुरासणीचे ढीग, सुक्या बोंबलांचा वास, कोंबड्यांचा कलकलाट. काकांनी दोऱ्याला मेण चोळलं, आरीनं भोक पाडलं आणि दोऱ्याची दोन्ही टोकं समोरासमोरून त्याच भोकातून ओढून घेतली. एक टोक इकडून, एक तिकडून.

"असं दोनदा कशाला, काका?"

"एक तुटला तर दुसरा धरून ठेवतो, पोरी."

तिनं माझ्याकडं पाहिलं. एर्मेसचे कारागीर मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवून हाच टाका घालतात. खोगीर शिवायची ती रीत पिशवीवर आली. हे तिच्या वहीत होतं, पण शब्दांत. आता ते तिच्या डोळ्यांपुढं होतं.

घरी आल्यावर मी गिऱ्हाईक झाले. पिशवी म्हणून माझं जुनं चामडी पाकीट ठेवलं. "एवढी महाग का?" मी जरा तोऱ्यातच विचारलं. पहिल्यांदाच तिनं वही उघडली नाही. पाकीट दोन्ही तळव्यांवर घेतलं, उलटं केलं आणि शिवण माझ्यापुढं धरली. येवल्याची पैठणीही ती अशीच दाखवायची: आधी उलटी बाजू. हातमागावर विणलेल्या अस्सल पैठणीची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच दिसते, दोरे लोंबत नाहीत. मग ती सांगायची, की हा मोर किती दिवस मागावर होता. मुलीच्या लग्नासाठी वर्षभर पैसे साठवून आलेल्या आईला हे सांगताना तिचा आवाज हळू होत असे. मला वाटतं, महाग वस्तू विकायला याहून मोठं शिक्षण नाही. किमतीचा आकडा कोणीही सांगेल; त्या आकड्यात कोणाचे किती दिवस गेले, हे आवणीत वाकून उभं राहिलेल्या पोरीला निराळं सांगावं लागत नाही.

"आणि कुठल्या तुम्ही?" मी विचारलं.

"हरसूलची," ती म्हणाली, आणि मग वाघेऱ्याचा घाट, बाजार, काकांचा टाका, सगळं सांगत गेली. मधे दोनदा इंग्रजी अडखळलं. ती थांबली, शब्द शोधला, पुढं गेली.

पहाटेच्या एसटीला मी सोडायला गेले. पायात साध्या चपला होत्या. शिवलेले बूट तिनं वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर घेतले होते, मुंबईत उतरल्यावर घालायला. तिकिटाचे पैसे द्यायला तिनं डावा हात पुढं केला.