हमचा माग

जुना व्हॉल्व्हचा रेडिओ दुरुस्तीला आला की त्याची पिन मी थेट बोर्डात लावत नाही. तुळजापूर, कळंब, परंड्याकडून येणारे हे सेट माळवदाखाली वर्षानुवर्षं बंद पडलेले असतात. आधी सिरीज बोर्ड, मधे १०० वॅटचा बल्ब. बल्ब क्षणभर भडकून मंदावला तर पुढे जायचं. तसाच प्रखर राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. फ्यूज उडतो म्हणून तिथे जाड तांब्याची तार बांधलेले सेट पाहिले की फार वाईट वाटतं. फ्यूज वाचवायला निघालेल्यांनी ट्रान्सफॉर्मर जाळलेला असतो.

पॉवर सप्लायचं दुखणं दुसऱ्याच्याच अंगावर दिसतं. आवाज फाटला की लोक स्पीकरवर संशय घेतात. मी आधी नुसता हम ऐकतो. आपली वीज ५० हर्ट्झची. रेक्टिफायरच्या दोन्ही बाजू चालू असतील तर फिल्टर कंडेन्सर सुकल्यावर १०० चा हम चढतो. तोच सप्तकभर खाली, खर्जात ऐकू आला तर एक बाजू गेली असावी.

सगळ्यात फसवं दुखणं मात्र सप्लायच्या बाहेरचं. २५० व्होल्ट हवेत तिथे मीटर १८० दाखवतो, ट्रान्सफॉर्मर तापतो, नवे फिल्टर कंडेन्सर टाकूनही फरक पडत नाही. मग मी ईएल८४ सारख्या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर मीटर धरतो. तिथे धन व्होल्टेज दिसता कामा नये. दिसलं, तर सेट बंद करून व्हॉल्व्ह काढायचा आणि पुन्हा मोजायचं. व्होल्टेज तसंच राहिलं तर कपलिंग कंडेन्सर गळतोय, नाहीसं झालं तर व्हॉल्व्हच बिघडलाय. बोटाच्या पेराएवढा तो कंडेन्सर गळला की आउटपुट व्हॉल्व्ह भलताच करंट ओढतो आणि सगळा सप्लाय खाली बसतो.

चेसिसमध्ये हात घालण्याआधी फिल्टर कंडेन्सर रेझिस्टरमधून रिकामा करायचा, आणि तो रिकामा झाल्याचं मीटरवर पाहायचं. पिन काढल्यावरही त्यात जीवघेणं व्होल्टेज उरू शकतं. शिकाऊ पोरांना मी हे रोज सांगतो.

आमच्याकडे रब्बीत शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, बंद झाल्या की चढतं. म्हणून सेट परत देताना मागचा सिलेक्टर २२० वर असेल तर मी तो २४५ वर नेतो. आवाज किंचित कमी होतो, ट्रान्सफॉर्मर मात्र कमी तापतो. नेणाऱ्याला बजावतो, मोटारी चालू असताना आवाज बारीक झाला तरी सिलेक्टर खाली आणू नका.