किती लागले?

पैनगंगा ओलांडली की पैसा बदलायचा. परमुलूख म्हणजे काय, हे कळायला आमच्या हिमायतनगरच्या जुन्या माणसांना विमानात बसावं लागलं नाही. नदीच्या अलीकडं निजामाचं राज्य, पलीकडचं वऱ्हाड इंग्रजांच्या अमलाखाली. अलीकडं हाली सिक्का, पलीकडं कलदार. ढाणकी-उमरखेडकडं बैल बघायला निघायचं तर आधी हाली मोडून कलदार करून घ्यायचे. सात हालीला सहा कलदार, हा ढोबळ हिशेब तेव्हा शेंबड्या पोरालाही तोंडपाठ. 1948 च्या सप्टेंबरात संस्थान गेलं, पण हाली नाणं त्या दिवशी उठून गेलं नाही. ते व्यवहारातून पुरतं जायला पन्नासचं दशक संपत आलं.

आजोबांच्या कमरेला दोन कप्प्यांचा कसा असायचा. एकात हाली, दुसऱ्यात कलदार. दोन्ही पैसे त्यांनी कधी एकत्र होऊ दिले नाहीत, कारण एकत्र झाले की माणूस नाण्याचा नुसता आकार बघतो, किंमत विसरतो. आणखी एक त्यांचं सांगणं होतं: ज्याचं नाणं, त्याची रीत. पलीकडच्या बाजारात पलीकडचा पैसा काढायचा, तर मापं, दलाली, राम राम घालायची तऱ्हा, सगळं पलीकडचंच पाळायचं. आपल्या गावची मिजास नदीच्या अलीकडं ठेवून जायची.

भाचा टोकियोत नोकरीला लागला आणि "मामा, आता तुम्ही याच," म्हणून हटून बसला, तेव्हा तयारीला मला हेच दोन नियम पुरले. येन वेगळे, रुपये वेगळे. मनातसुद्धा वेगळे.

हे वाटतं तितकं सोपं नाही. एक येन म्हणजे आपले पन्नास-साठ पैसे. त्यामुळं किमतीची पाटी आधी अंगावर येते आणि मग निम्म्यानं हलकी होते, आणि ह्या हलकेपणातच खिसा रिकामा होतो. त्यात तिथली नाणी. एक, पाच, दहा, पन्नास, शंभर आणि पाचशे येन. आपल्या मनात नाणं म्हणजे चिल्लर, देवळाबाहेर वाटायची. तिथं पाचशे येनचं एक नाणं पावणेतीनशे रुपयांच्या घरात जातं. अशी दहा नाणी खिशात खुळखुळत असली तर आमच्याकडच्या एखाद्या घराचा महिन्याचा किराणा खुळखुळत असतो.

पाच येनचं नाणं मी बराच वेळ हातात धरून बसलो होतो. पितळी रंग, मधोमध भोक. आमच्या घरी करगोट्यात ओवलेले भोकाचे पैसे होते. 1943 पासून काही वर्षं इंग्रज सरकारनं मधून पोखरलेला पैसा काढला होता, लढाईत धातू वाचावा म्हणून. जपाननंही आपल्या पाच येनला 1949 मध्ये भोक पाडलं, तेही लढाईनंतरच्या ओढगस्तीत. नाण्यावर भाताची लवलेली लोंबी आहे, खाली पाण्याच्या रेषा, आणि भोकाभोवती बारीक दातेरी चक्र. शेती, मासेमारी, कारखाना. आकडा मात्र आपल्याला वाचता येईल असा कुठंच नाही, किंमत लिहिलीय ती त्यांच्या लिपीत. परका माणूस ते पितळी रंगावरनं आणि भोकावरनं ओळखतो. मंदिराच्या दानपेटीत बहुतेक लोक हेच नाणं टाकताना दिसतात, आणि टाकून झालं की वाकून उभे राहतात. घाई नसते.

पैसा हातावेगळा कसा करावा, याचं शिक्षण तिथल्या साध्या दुकानात मिळतं. गल्ल्यापाशी एक छोटी तबकडी ठेवलेली असते. पैसे हातात द्यायचे नाहीत, तबकडीत ठेवायचे. दुकानातली मुलगी ते दोन्ही हातांनी उचलते आणि किती मिळाले ते मोठ्यानं सांगते. मोठी नोट असेल तर लगेच गल्ल्यात सरकवत नाही, तुमच्या नजरेसमोर राहू देते. मग सुटे परत करताना आधी नोटा तुमच्यासमोर एकेक मोजून दाखवते, त्यानंतर पावतीसकट नाणी. सगळं मिळून अर्धा मिनिट. पण त्या अर्ध्या मिनिटात देणाऱ्याच्या मनात किंतू उरत नाही आणि घेणाऱ्यावर बोल येत नाही. आमच्या बाजारातले जुने सावकार भवानीचा पैसा डोळ्याला लावून मगच गल्ल्यात टाकत. तिथंही पैसा नुसता घेतला जात नव्हता, त्याला मान दिला जात होता.

घासाघीस मात्र तिथं चालत नाही. आमच्या आठवडी बाजारात भाव न करता मेथीची जुडी उचलली, तर विकणारी बाईच चमकते. भाव करणं ही तिची विचारपूस असते. तिथं पाटीवरची किंमत हा दुकानदाराचा शब्द असतो. 2021 पासून करासकट किंमत दाखवणं बंधनकारक झालंय. तेव्हा "काही कमी करा" म्हणणं म्हणजे तुमचा शब्द खोटा आहे असं म्हणणं. बक्षिसीचंही तसंच. हॉटेलात टेबलावर वर पैसे ठेवून उठलात, तर विसरून राहिले समजून हॉटेलवाले मागं पळत येऊन परत करतील. कामाचे पैसे किमतीत आले, आता वरचे कसले? आपल्याकडं जिथं हात सैल सोडणं मोठेपणाचं, तिथं तोच हात आवरणं हा शहाणपणा आणि तोच मान.

आणि जिथं नुसता पैसा द्यायचाच असतो, तिथं तो उघडा देत नाहीत. लग्नाचा आहेर सजवलेल्या पाकिटात, नोटा कोऱ्या, आणि रक्कम शक्यतो सम नाही, कारण समाच्या दोन वाटण्या होतात. मयताच्या घरी द्यायचे तर कोऱ्या नोटा टाळतात. कोरी नोट म्हणजे तुम्ही ह्या दिवसाची आधीपासून तयारी करून बसला होतात. हे ऐकलं आणि मला मांडवाच्या दाराशी आहेराची वही घेऊन बसलेला आमचा भावकीतला माणूस दिसला. एकशे एक, पाचशे एक. वरचा एक चुकला तर म्हाताऱ्या बाया पदराच्या गाठीतून काढून देणार. जपानच्या लग्नातही दाराशी वही असते आणि तिच्यात पाहुणे नाव लिहितात. इतक्या लांब जाऊन माणसाला आपलीच वही भेटते.

वहीवरून आठवलं. 1904 साली हानी मोतोको नावाच्या बाईनं जपानी गृहिणींसाठी घरखर्चाची छापील वही काढली. त्या जपानच्या पहिल्या महिला पत्रकारांपैकी एक. काकेइबो म्हणतात त्या वहीला, आणि आजही लोक ती दरसाल नवी विकत घेतात. रीत अशी: महिना सुरू व्हायच्या आधी येणारा पैसा लिहायचा, ठरलेला खर्च वजा करायचा, शिल्लक टाकायची ती आधीच बाजूला काढायची, आणि उरेल त्यात महिना भागवायचा. महिनाअखेरीला वही उघडून स्वतःलाच विचारायचं, कुठं चुकलं, पुढं काय बदलू. सगळं हातानं लिहायचं. लिहिताना हात थांबतो, आणि तेवढ्यात वायफळ खर्च उघडा पडतो. आजच्या वह्यांत खर्चाचे चार रकाने असतात: गरज, हौस, अचानक आलेला खर्च आणि चौथा पुस्तकं-नाटकं-शिकणं ह्यांचा. हा चौथा रकाना बघून मी थबकलो. आईच्या वहीत तो नव्हता. तिच्या वहीत देवधर्म होता, पाहुणेरावळे होते, बी-भरण होतं. कोणतं घर कशाला मोलाचं मानतं, ते त्याच्या रकान्यांवरनं कळतं.

पण ही वही जशीच्या तशी उचलून आमच्याकडं चालत नाही. ती महिन्याची आहे आणि कास्तकाराला महिना नसतो, हंगाम असतो. सोयाबीन विकलं, कापूस गेला की एकदम पैसा हातात, आणि मग पुढच्या पेरणीपर्यंत नुसती ओढाताण. म्हणून आमच्या बायांनी आपली तऱ्हा काढली: भिशी, बचत गट, पोस्टातली पाच वर्षांची आरडी. पैसा हाताशी ठेवायचाच नाही, दुसऱ्याच्या धाकात ठेवायचा. माझ्या जपानचं तिकीटही अशाच एका आरडीतून निघालं. हल्ली जाहिराती सांगतात, आधी फिरून या, मग हप्ते फेडा. जुनी माणसं उसनवारीच्या पैशानं यात्रा करत नसत; त्याचं पुण्य सावकाराला लागतं म्हणत.

भिशीची खरी गंमत मला कळली ती जपानच्या जुन्या गोष्टी ऐकताना. एदो काळात तिथल्या खेडुतांना इसेच्या देवस्थानाची ओढ असायची. पण एवढ्या लांब जाण्याची ऐपत एकट्यादुकट्याची नव्हती. मग गावोगाव 'इसे-को' नावाच्या मंडळ्या उभ्या राहिल्या. दरसाल सगळ्यांनी थोडे थोडे पैसे टाकायचे, चिठ्ठ्या काढायच्या आणि ज्याचं नाव निघेल त्यानं साऱ्यांच्या वतीनं जाऊन यायचं. येताना प्रत्येकासाठी देवाचा ताईत आणायचा. पुढच्या साली दुसऱ्याची पाळी. ही आमची भिशीच की! फरक इतकाच, की आमच्या भिशीतून फ्रीज येतो, त्यांच्या भिशीतून यात्रेकरू निघायचा.

असा निघालेला माणूस रस्त्यात कसा वागत असेल? त्याच्या कमरेला सगळ्या गावाचा पैसा. त्यानं एखाद्या मुक्कामी वायफळ उडवला, तर परतल्यावर पाराजवळ तोंड कसं दाखवणार? तो दुसऱ्या गावात आरडाओरडा करून आला, तर नाव त्याचं जाणार नाही, गावाचं जाणार. हिशेब आणि मर्यादा त्याच्यासाठी दोन गोष्टी नव्हत्याच. आज आपण आपल्या पैशानं जातो, म्हणून वाटतं वागणंही आपलंच, कुणाला जाब देणं लागत नाही.

लागतं. टोकियोच्या एदोगावा विभागात, निशिकासाईकडं, भारतीयांची मोठी वस्ती आहे. 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस तिथल्या विभागसभेवर निवडून आला. अशा वस्तीत भाचा भाड्यानं राहतो. पहिल्याच रात्री त्यानं हळूच सांगितलं, "मामा, जिन्यात जरा हळू बोलू. तुम्ही परत जाल, मला इथं राहायचंय." पाहुणा निघून जातो, उधारी राहणाऱ्याच्या नावावर पडते. घर भाड्यानं शोधणाऱ्या पुढच्या भारतीय पोराला नकार मिळतो, तेव्हा त्यात अशा कुणा पाहुण्याच्या आवाजाचा वाटा असू शकतो.

एवढं ध्यानात आलं की तिथले बाकीचे रिवाज पाठ करावे लागत नाहीत. उंबऱ्याच्या आत चपला नाहीत, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. सामायिक गरम कुंडात उतरण्याआधी अंग स्वच्छ धुवायचं, हेही हौदाच्या गावच्या माणसाला कळतं. 1995 मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला. त्यानंतर सार्वजनिक जागच्या कचराकुंड्या पुष्कळशा काढून टाकल्या. तेव्हापासून आपला कचरा पिशवीत घालून घरी न्यायचा. भाताच्या वाटीत काड्या उभ्या खोचायच्या नाहीत, तो मृताला ठेवायचा नैवेद्य. आणि काडीनं काडीकडं घास द्यायचा नाही, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलतात. तिसऱ्या दिवशी राख सावडून आलेल्या माणसाला यापुढं काय समजावायचं?

रेल्वेतली शांतता मात्र मला जड गेली. आमच्या नंदीग्राम एक्स्प्रेसमध्ये बसल्या बसल्या "कुठं उतरायलात?" विचारलं नाही, तर माणूस शिष्ट ठरतो, भोकर येईपर्यंत डबा उघडून समोरच्याला भाकरी पुढं करावीच लागते. तिथं फोनवर बोलणंसुद्धा शिष्टाचाराचा भंग. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. उद्या कुणी जपानी माणूस नंदीग्राममध्ये बसला, तर त्यानंही पुढं केलेली भाकरी घ्यावी.

पैशाच्या बाबतीत तिथल्या रेल्वेनं एक धडा दिला. परदेशी पाहुण्यांचा सात दिवसांचा रेल्वे पास सगळे डोळे झाकून घेतात. 2023 च्या ऑक्टोबरात तो 29,650 येनवरून एकदम 50,000 वर गेला. टोकियो ते क्योतो बुलेट ट्रेनचं भाडं एका बाजूचं चौदा हजारांच्या आसपास. नुसतं जाऊन यायचं असेल तर पासात वीसेक हजार येन पाण्यात. पास घेणाऱ्यानं जुन्या सल्ल्यावर विसंबण्याआधी कागदावर बेरीज केली पाहिजे. तशीच दुसरी गोष्ट: कार्ड घासताना यंत्र विचारतं, रुपयांत घेऊ की येनमध्ये? रुपये ओळखीचे वाटतात, पण तो भाव यंत्रवाल्याच्या सोयीचा असतो. येनच म्हणावं. ज्याचं नाणं.

आणि परतल्यावर? पुण्या-मुंबईकडच्या लोकांना आमची एक सवय फार खटकते. महाशिवरात्रीच्या यात्रेत परमेश्वराच्या देवळाबाहेर भेटलेला माणूस पहिल्या दोन वाक्यांतच विचारतो, "मग, किती लागले?" हा भोचकपणा नव्हे. विचारणाऱ्याच्या मनात त्याची बेरीज चाललेली असते. आपल्या पोरीला, आपल्या म्हातारीला एकदा असं कुठं नेता येईल का, याची. मी त्याला विमानाचे किती, राहण्याचे किती, खाण्याचे किती आणि कुठं वाचवता आले असते ते सगळं सांगतो. "बक्कळ लागले" म्हणून मोठेपणा मिरवणं किंवा "काही नाही हो" म्हणून उडवून लावणं, दोन्ही त्याचा रस्ता बंद करतात. खरा आकडा सांगितला, तर भिशीची पुढची चिठ्ठी त्याच्या नावाची निघते.