मामांची मोटार

मोटारीतले मला काही कळत नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. मी मराठीचा प्राध्यापक. माझ्या मालकीचे यांत्रिक वाहन म्हणजे एक स्कूटर. तीही बिघडली की मी तिच्याकडे आणि ती माझ्याकडे बघत राहतो. असे असूनही गेले वर्षभर आमच्या घरात एकाच प्रश्नावर खल चालला होता. जॅग्वार मोटारीच्या पोटात लॉरीचे इंजिन घालावे की घालू नये? आणि त्या वादात एक पक्ष चक्क मी होतो.

मोटार मामांची. मामा अलिबागच्या कोर्टात वकिली करीत आणि राहत नागावच्या वाडीत. मुंबईतला कारभार आवरून मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून त्यांनी १९६६ साली ती विकत घेतली. जॅग्वार मार्क टू, १९६१ची. लांबसडक बॉनेट, आत अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड, लाल कातड्याच्या बैठका. वाडीतल्या नारळ-सुपारीवर जगणाऱ्या घरात हत्ती बांधावा तसा तो प्रकार झाला. आजोबांनी मामांशी आठ दिवस अबोला धरला आणि नवव्या दिवशी त्याच मोटारीतून चौलच्या रामेश्वराच्या दर्शनाला जाऊन आले.

आम्ही भाचरे मे महिन्याच्या सुटीत जायचो तोवर मोटार पंचविशीच्या पुढे गेली होती. पण तिचा आवाज मात्र पंचविशीतलाच होता. पोयनाड सोडून कार्लेखिंडीचा चढ लागला की मामा काचा खाली करायला लावीत आणि म्हणत, "ऐका!" मग पायाखालून एक खर्जातला सूर निघे आणि खिंडीच्या माथ्यापर्यंत तो अखंड चढत जाई. त्या वेळी आमच्यापैकी कोणी बोललेले मामांना खपत नसे. पुढे मी अनेक नामवंत गवयांच्या मैफली ऐकल्या, परंतु श्रोत्यांवर इतका वचक असलेला गवई मला अजून भेटायचा आहे.

मामा २०१६ साली गेले. मोटार पत्र्याच्या छपराखाली उभी राहिली. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले आणि दुपारच्या दोन-तीन तासांत त्याने वाडी भुईसपाट केली. सुपारीची झाडे काडीपेटीतल्या काड्यांसारखी मोडली. छपराचे पत्रे कोठे गेले ते अजून कळलेले नाही. एक नारळ नेमका बॉनेटवर आडवा झाला आणि तो पावसाळाभर मोटारीच्या इंजिनात पाणी मुरत राहिले. मामी तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. त्यांनी मोटारीकडे पाहिलेसुद्धा नाही. त्या रोपांच्या मागे लागल्या. सुपारी धरायला सात-आठ वर्षे लागतात, हे मी त्यांना सांगण्याचा आगाऊपणा केला तेव्हा त्या म्हणाल्या, "मग आजच लावायला हवी."

गेल्या दिवाळीत मात्र त्यांनी मला बोलावून घेतले आणि एकदम सांगितले, "ती मोटार चालू कर. मला तिच्यातनं मुंबईला जायचंय. रस्त्यानं नव्हे, बोटीनं."

२०२० सालच्या मार्चपासून मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला मोटारी घेऊन जाणारी रो-रो बोट सुरू झाली आहे, तासाभरात मुंबई. मामी नव्या नवरी म्हणून त्याच भाऊच्या धक्क्यावरून लाँचमध्ये बसून रेवसला उतरल्या होत्या. त्यांना त्या धक्क्यावर एकदा मोटारीतून उतरायचे होते. यात गैर ते काय?

मी रेवदंड्याच्या मिस्त्रींना आणले. त्यांचा अर्धा धंदा लॉऱ्यांचा आणि अर्धा बंदरावरचा. शिडाच्या जागी इंजिन आल्याला आता कोळीवाड्यात दोन पिढ्या झाल्या. लॉरीचे इंजिन होडीत बसवणे हे त्यांच्या डाव्या हाताचे काम. त्यांनी बॉनेट उचलले, बोट फिरवून गंज पाहिला आणि पाच मिनिटांत निकाल दिला. पिस्टन जाम, सहांतली दोन सिलिंडरे खाल्लेली, वरचे ॲल्युमिनियमचे हेड सडलेले. दुरुस्त होईल, पण सुटे भाग विलायतेहून मागवायचे, आणि दोन वर्षे धरून चाला. त्यापेक्षा टाटाचे एक डिझेल इंजिन आपल्याकडे तयार आहे. माउंटिंग नवी करू, गिअरबॉक्सला जोडायला मधे एक प्लेट कातून घेऊ, महिन्याभरात गाडी रस्त्यावर.

"जॅग्वारमध्ये टाटाचं इंजिन?" मी किंचाळलोच.

"सर, जॅग्वार कंपनी २००८ सालापासून टाटांचीच आहे," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "घरचंच आहे की!"

यावर काय बोलणार? पण मी प्राध्यापक. त्या रात्री पुस्तके काढली आणि पुढच्या रविवारी मामींसमोर व्याख्यान दिले. हे इंजिन म्हणजे काय चीज आहे ठाऊक आहे? महायुद्धात कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात रात्री आगीची राखण करायला बसलेल्या इंजिनिअरांनी बाँबच्या सावटाखाली याचा आराखडा रचला. १९४८ साली ते जगापुढे आले. ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यती याच घराण्याच्या इंजिनाने १९५१ ते १९५७ या काळात पाच वेळा जिंकल्या. अशा इंजिनाच्या जागी लॉरीचे? शिवाय कायदा आहे. नोंदणीपुस्तकात इंजिनाचा क्रमांक असतो. वेगळे इंजिन घालायचे तर मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाशी आणि पेणच्या आर.टी.ओ.शी गाठ. पन्नास वर्षांवरील मोटारींना २०२१ सालापासून पुराण मोटारीचा वेगळा क्रमांक मिळतो, पण इंजिनात फेरफार केला की तो मान गेला. आणि शेवटी मी माझे ठेवणीतले अस्त्र काढले. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत पदरची ओवी घुसडू नये म्हणून सक्त ताकीद देऊन ठेवली. मामांची मोटार ही आपली पोथी आहे, मामी!

मामी सुपारी कातरीत होत्या. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"शेवटची चार वर्षं ह्यांच्या छातीत ते यंत्र होतं ना, पेसमेकर? ते बसवलं तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं होतं का, की आता हे माझेच राहिले का म्हणून?"

मी गप्प बसलो.

"दोन वर्षं म्हणतोस. माझ्या इंजिनाची हमी कोण देतो ते सांग."

आता माझ्या बाजूला बोलण्यासारखे काही उरले नव्हते. तसे पाहिले तर कारखानेसुद्धा हेच करीत आले. आपली ॲम्बॅसॅडर २०१४पर्यंत उत्तरपाड्याच्या कारखान्यातून बाहेर पडत होती; अंगरखा जवळजवळ तोच, पण आतले इंजिन आधी पेट्रोलचे, मग डिझेलचेही, मग जपानी इसुझूचे. तिला कोणी ॲम्बॅसॅडर म्हणायचे सोडले नाही. कोळ्यांच्या होडीतले इंजिन बदलले म्हणून नारळी पौर्णिमेला तिची पूजा चुकत नाही. मी मनातल्या मनात हार मानली आणि जुने इंजिन उतरवण्याची परवानगी मिस्त्रींना दिली. एक अट घातली, की ते भंगारात जाणार नाही. उतरवलेच आहे तर खोलूनही बघतो, असे मिस्त्री म्हणाले.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाजात थोडा संकोच होता.

"सर, तुमच्या त्या पुस्तकात स्ट्रोक किती दिलाय?"

मोटारीच्या जाळीवर २.४ लिटरचा बिल्ला होता. मी पुस्तकात पाहून सांगितले, ७६.५ मिलिमीटर.

"क्रँक काढून मापली. १०६ भरतेय."

१०६ म्हणजे ३.४ लिटरचे इंजिन. सिलिंडरचा व्यास दोहोंत सारखाच, ८३; म्हणून माझ्यासारख्याला शंका येण्याचे कारण नव्हते. मी स्कूटर काढून नागावला गेलो आणि मामींच्या ट्रंकेतून मोटारीचे नोंदणीपुस्तक काढले. इंजिनाच्या क्रमांकावर तांबडी रेघ, बाजूला नवा क्रमांक, शिक्का, सही आणि साल १९७७.

म्हणजे ज्या पोथीसाठी मी नाथांना साक्षीला बोलावले, तीत पदरची ओवी खुद्द मामांनीच घातली होती! माझ्या जन्माच्या आधी! कार्लेखिंडीत काचा खाली करून आम्ही जो सूर ऐकला तो मूळचा नव्हताच. पाठभेद होता. वर्गात मी मुलांना पाठभेदांवर इतकी वर्षे शिकवतो आहे. पण त्या पुस्तकावरची ती तांबडी रेघ पाहताना पोटात जे झाले ते कोणत्याही प्रस्तावनेत वाचलेले नाही.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारले.

"न ठाऊक असायला काय झालं?" मामी म्हणाल्या. "कुर्ल्याला कुणाची तरी मोठी जॅग्वार भंगारात निघाली होती, तिचं आणलं. ह्यांना खिंडीत टॉपवर चढायचं होतं ना! माझ्या चार बांगड्या गेल्या त्यात. विचारलंसुद्धा नाही मला. सांगितलं फक्त."

इतक्या वर्षांत हे त्यांनी कोणालाही सांगितले नव्हते, माझ्या आईलाही नाही. त्यांच्या आवाजात राग नव्हता, हिशेब होता.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "तू विचारतोयस म्हणून सांगते. ते लॉरीचं घाल गाडीत. आणि हे जुनं वीक, आणि आलेल्या पैशात माझ्या बांगड्या होतात का बघ."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री हिशेब सांगायला आले. जाम झालेले, दोन सिलिंडरे गेलेले इंजिन. शौकीन गिऱ्हाईक भेटले तरी आजच्या सोन्याच्या भावात एक बांगडी होईल, तीही पोकळ. मामींनी ते नीट ऐकून घेतले. मग आपल्या हातांकडे पाहिले आणि म्हणाल्या, "एकच होत असेल तर नको. बसवा तेच परत. चार बांगड्यांचं आहे, वाजू दे."

"दोन वर्षं लागतील, मामी," मिस्त्री म्हणाले.

"सुपारीला सात लागतात."

ब्लॉक स्लीव्ह घालायला मुंबईला गेला आहे. हेड विलायतेहून यायचे आहे. त्याच्या पैशांची जुळवाजुळव हा माझा नवा विषय, आणि त्यावर घरात दुसरा वाद सुरू आहे. मिस्त्रींनी आमच्यासाठी बाजूला काढलेले लॉरीचे इंजिन पावसाळा संपताच रेवदंड्याच्या एका होडीत बसले आणि केव्हाच समुद्रावर गेले.