मुखर्जी सरांचा संसदेतला शेवटचा तास



'संसद म्हणजे काय?' हा प्रश्न तुमच्या वर्गात किंवा घरी एकदा विचारून बघा. माझ्या वर्गात विचारला तेव्हा पहिलं उत्तर आलं, "बाई, तिथं भांडतात." दुसऱ्यानं लगेच भर घातली, "आणि कागद फाडतात." वर्ग हसला. पण मुलांचं चुकलं कुठं? मोबाईलवर त्यांच्यापर्यंत जे अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ येतात, त्यांत तेवढंच असतं. चार तास शांतपणे झालेल्या चर्चेचा व्हिडिओ कोण कुणाला पाठवतो?

म्हणून आज मी तुम्हाला एका भाषणाबद्दल सांगणार आहे. नागरिकशास्त्राचा संसदेवरचा पाठ शिकवताना ते मला फार उपयोगी पडतं. हे भाषण राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी निरोप घेताना संसदेसमोर केलं होतं. तारीख होती २३ जुलै २०१७, वार रविवार. दुसऱ्या दिवशी त्यांची मुदत संपत होती आणि २५ जुलैला रामनाथ कोविंद शपथ घेणार होते. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात दोन्ही सभागृहांचे खासदार जमले होते. लोकसभेच्या अध्यक्ष होत्या आपल्या चिपळूणला जन्मलेल्या सुमित्राताई महाजन.

आधी जागेविषयी थोडं सांगते. याच मध्यवर्ती सभागृहात ९ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेची पहिली बैठक झाली. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री सत्तांतराचा सोहळा इथंच झाला. आता संसदेचं कामकाज नव्या इमारतीत चालतं आणि या जुन्या वास्तूला 'संविधान सदन' म्हणतात. मुलांना हे सांगितलं की त्यांना ती जागा नीट डोळ्यांसमोर आणता येते.

आता माणसाविषयी. पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यातलं मिराती हे त्यांचं गाव. राजकारणात येण्याआधी ते महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवायचे, म्हणजे आपल्याच बिरादरीतले! राष्ट्रपती असतानाही २०१५ च्या शिक्षक दिनाच्या आदल्या दिवशी त्यांनी राष्ट्रपती भवनाच्या परिसरातल्या शाळेत अकरावी-बारावीच्या मुलांचा तास घेतला. विषय होता भारताचा राजकीय इतिहास. 'मला आज राष्ट्रपती म्हणू नका, मुखर्जी सर म्हणा,' असं त्यांनी मुलांना सांगून टाकलं होतं. म्हणून मीही वर्गात त्यांना मुखर्जी सरच म्हणते. मुलांना ते लगेच जवळचे वाटतात.

मुखर्जी सर जुलै १९६९ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, पहिल्यांदा राज्यसभेत गेले. पाच वेळा राज्यसभा आणि दोन वेळा लोकसभा, अशी त्यांची खासदारकीची सदतीस वर्षं. निरोपाच्या भाषणात त्यांनी आपण काय काय केलं याची यादी वाचली नाही. 'या संसदेनंच मला घडवलं' असा त्यांचा सूर होता. आणि मग कुणाकडून काय शिकलो, ते एकेकाचं नाव घेऊन सांगितलं.

इथं आपल्या मराठी माणसांनी कान टवकारावेत. त्या नावांमध्ये मधू लिमये होते आणि बॅरिस्टर नाथ पैही होते. एक पुण्यात जन्मलेले, दुसरे वेंगुर्ल्याचे. दोघंही समाजवादी, दोघंही विरोधी बाकांवरचे. त्यांच्या एका वाक्यातल्या नेमक्या टोल्यांची आठवण सरांनी काढली. पिलू मोदींचा विनोद, साम्यवादी इंद्रजित गुप्तांची धारदार प्रत्युत्तरं आणि वाजपेयींचं वक्तृत्व हेही त्या यादीत होतं. लक्षात घ्या, सर आयुष्यातला बहुतेक काळ काँग्रेसमध्ये होते, आणि ही सगळी मंडळी समोरच्या बाजूची. ज्यांनी आपल्याला अडवलं, प्रश्न विचारून भंडावून सोडलं, त्यांनाही त्यांनी गुरूंच्या यादीत बसवलं.

इंदिरा गांधींना ते आपल्या मार्गदर्शक मानत. त्यांच्याबद्दलही त्यांनी नुसता गौरव केला नाही. १९७७ च्या पराभवानंतर इंदिराजी लंडनला गेल्या होत्या. तिथं पत्रकारांनी विचारलं, आणीबाणीतून तुम्ही काय मिळवलंत? त्यांनी शांतपणे उत्तर दिलं, त्या एकवीस महिन्यांत आम्ही देशातल्या सगळ्याच थरांतल्या लोकांना दुखावण्यात यशस्वी झालो! यातून सरांनी घेतलेला धडा असा, की स्वतःचं समर्थन करत बसण्यापेक्षा स्वतःला दुरुस्त करणं केव्हाही बरं.

भाषणात दोन कानपिचक्याही होत्या. पहिली गोंधळाबद्दल. कामकाज बंद पाडलं की सरकारपेक्षा विरोधकांचंच जास्त नुकसान होतं, कारण प्रश्न विचारायची जागाच जाते. दुसरी वटहुकमांबद्दल. अगदी नाइलाज असेल तेव्हाच वटहुकूम काढावा, आणि पैशाच्या बाबतीत तर तो काढूच नये, असं त्यांनी सांगितलं. वटहुकूम मुलांना कसा समजवायचा? मी असं सांगते: बाई बैठकीला गेल्या, वर्गात अडचण आली, मॉनिटरनं तात्पुरता नियम केला. बाई आल्या की तो नियम त्यांच्यापुढं ठेवायचा. त्यांनी मान्य केला तर राहील, नाहीतर गेला. संसदेचं अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांच्या आत वटहुकमाला मंजुरी मिळाली नाही तर तो संपतो. आता मॉनिटरनं रोजच असे नियम केले तर बाईंची गरज काय उरली? मुलं बरोबर उत्तर देतात!

हे भाषण मी सोप्या मराठीत सांगून झाल्यावर एक उपक्रम घेतला. आपल्या शाळांत शालेय मंत्रिमंडळ असतंच. वर्ष संपताना मुलांचे 'मुख्यमंत्री' निरोपाचं भाषण करतात. एरवी ते 'आदरणीय गुरुजन वर्ग' पासून सुरू होतं आणि पाठ केलेलं संपतं. या वेळी तीनच प्रश्न दिले: कोणतं काम राहून गेलं? तुझ्या विरोधात असलेल्याकडून तू काय शिकलास? पुढच्याला काय सांगशील?

आमची मुख्यमंत्री सातवीतली मुलगी. तिच्याविरुद्ध निवडणूक हरलेला मुलगा वर्षभर प्रत्येक सभेत एकच विचारायचा, "परसबागेतल्या भाजीचा हिशोब कुठंय?" ती चिडायची, एकदा तर रडलीसुद्धा होती. भाषणात ती म्हणाली, "हात धुवायचे दोन नळ अजून बंद आहेत, ते माझ्याकडून झालं नाही. आणि हिशोबाची वही मी त्याच्या प्रश्नांमुळं लिहायला लागले. तो नसता तर मी लिहिली नसती." मुलगा मान खाली घालून चपलेशी खेळत बसला होता. टाळ्या वाजल्या तेव्हा सगळ्यांत आधी त्याच्याकडेच पोरं बघत होती.

मित्रहो, निवडणुकीत आपण जिंकणाऱ्याला गुलाल लावायला शिकवतो. हरलेल्याचं काय काम असतं, हे शिकवायचं राहून जातं. आणि खुर्ची सोडताना कसं बोलावं, हे तर कुठंच शिकवलं जात नाही. खरं तर पद प्रत्येकाचंच जातं. मॉनिटरचं जातं, सरपंचाचं जातं, आपली बदली झाली की आपलाही वर्ग जातो. राष्ट्रपतीपदही गेलंच की.

पालकांना एक विनंती. संध्याकाळी बातम्यांत गोंधळ दिसला तर 'सगळे सारखेच' म्हणून चॅनेल बदलू नका. मुलांना विचारा, हे दोघं कशावरून भांडतायत? ज्याचा राग येतोय त्याचं एखादं तरी म्हणणं बरोबर आहे का? उत्तर चुकलं तरी चालेल, विचार सुरू होतो.

शिक्षकांनी हा उपक्रम मार्चमध्ये जरूर घ्यावा. पाठांतर नको, पाच वाक्यं पुरेत. फक्त दुसरा प्रश्न गाळू नका. मुलं तिथंच अडखळतात, तेव्हा घाई करू नका, थोडा वेळ थांबा. राष्ट्रपती, लोकसभा आणि राज्यसभा मिळून संसद होते हे पुस्तकातलं वाक्य मुलं पाठ करतीलच. समोरच्या बाकावर बसलेलाही आपल्याला घडवतो, हे मात्र त्यांना अनुभवातूनच कळेल.