ओवाळणी, रेवडी आणि हमी

ऑगस्ट 2024 मध्ये, राखीपौर्णिमेच्या तोंडावर, लाडकी बहीण योजनेचे पहिले पैसे खात्यात आले. आमच्या स्टाफरूममध्ये तेव्हा दोन शब्द फिरत होते : ओवाळणी आणि रेवडी. रक्कम एकच, महिना 1500 रुपये. एका शब्दाने कौतुक वाटते, दुसऱ्याने चीड येते.

सप्टेंबर 2019 मध्ये केंद्राने इतर सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा मूळ कर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला. या निर्णयांमुळे तिजोरीत वर्षाला 1 लाख 45 हजार कोटी कमी येतील, हा अंदाज सरकारचाच. मथळ्यांत त्याचे नाव होते ‘चालना’.

1972 च्या दुष्काळात आपल्या मराठवाड्यात माणसे खडी फोडत होती. त्यालाही मदत म्हणता आले असते. पण वि. स. पागे यांच्या आग्रहातून ‘रोजगार हमी’ उभी राहिली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला. हमी दिली की जाब विचारता येतो. (जकातही आपण उपकार मानत नाही, गरिबाचा हक्क मानतो.) त्या खर्चासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर आला. माझ्या पगारातून तो आजही कापला जातो, महिना 200, फेब्रुवारीत 300.

2025 मध्ये लाडक्या बहिणींना ई-केवायसी सक्तीची झाली. रोशन गेटजवळच्या आमच्या गल्लीतल्या एकीचा हप्ता थांबला. तक्रार लिहून देते म्हटले, तर ती म्हणाली, “जाने दो बाजी, भाई ने जितना दिया उतना बहुत.”