विकायला एक, घ्यायला दुसरा

खारेपाटणात ‘इस्टेट एजंट’ अशी पाटी शोधत फिरण्यात अर्थ नाही. इथे हे काम कोण करत नाही, ते विचारावं. रिक्षावाला करतो, निवृत्त तलाठी करतो, सुट्टीवर आलेला चाकरमानीही करतो. वडिलांच्या पश्चात आमच्या नावावर आलेली नदीकाठची जमीन आणि वरचा कातळ विकायचा, माझ्या वाट्याच्या पैशांत कणकवलीत छोटा फ्लॅट घ्यायचा, असं ठरलं. मी कुणाला सांगायच्या आत बातमी गावभर झाली होती. तोवर जमिनीच्या व्यवहारातलं मला कळत होतं ते एवढंच, की सातबारा नावाचा कागद असतो.

पहिला एजंट कणकवलीचा. काचेचं ऑफिस, थंडगार हवा. “ताई, विकणं आणि घेणं दोन्ही आमच्याकडेच द्या. दलालीत सवलत देतो.” एकाच माणसाशी बोलायचं, या कल्पनेनेच मला हायसं वाटलं. मग तो जागा बघायला आला, मोबाईलवर शूटिंग केलं आणि म्हणाला, “रिव्हर व्ह्यू म्हणून टाकू.” शुक नदी दिसते हे खरंच. पण पावसात ही नदी फुगली की बाजारपेठेत पाणी शिरतं, दुकानदार माल वर चढवतात, हे शाळेतलं पोरही जाणतं. त्याला जमीन पुराच्या पाण्याखाली जाते की नाही हे विचारायचं सुचलं नाही. शिवाय त्याने आणलेलं पहिलं गिऱ्हाईक मुंबईचं, हौशी, आणि सातबारावर कुठेच नाव नसलेलं. 1948 च्या कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतजमीन शेतकऱ्यालाच विकता येते, बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. चहापाणी झाल्यावर हे निघालं.

दुसरे एक गृहस्थ भेटले, त्यांचं गणित फार सोपं होतं. “तुम्हाला हातात किती हवेत ते सांगा. वरचे माझे.” आमच्या भागात ही पद्धत सर्रास चालते. गिऱ्हाईक किती देतंय ते विकणाऱ्याला कळत नाही, विकणाऱ्याला किती मिळतात ते गिऱ्हाईकाला कळत नाही, आणि मधला माणूस दोघांनाही एकमेकांपासून लांब ठेवतो. वर त्यांना कुलमुखत्यारपत्र हवं होतं, “तुम्हाला फेऱ्या नकोत म्हणून.” मी फेऱ्या पत्करल्या.

तिसरे आमच्या वाडीच्या पलीकडचे तात्या. ऑफिस नाही, व्हिजिटिंग कार्ड नाही. त्यांनी किंमत विचारलीच नाही. आधी 15 रुपयांचा डिजिटल सातबारा काढायला लावला, मग आठ-अ, मग फेरफार. ‘इतर हक्क’ या रकान्यावर बोट ठेवून कुळ किंवा बोजा लागलाय का ते पाहिलं. गडग्याची जागा आणि नकाशातली हद्द जुळत नाही म्हणाले, मोजणी मागवायला लावली. सातबारा सामाईक, चुलतभाऊ मुंबईत. “गणपतीक सगळे येतले, तेव्हा सह्यांचा बघूया. पण निबंधकाच्या हापिसाक सुट्टी कधी ता आधी बघ.” हे ऐकून मी मनातल्या मनात त्यांना काम देऊन टाकलं होतं. तेवढ्यात ते म्हणाले, “गे बाय, ह्या सगळा इकलंस तर शेतकरी म्हणान तुझा नाव खंय रवतला?”

मी बघतच राहिले. सगळी शेतजमीन गेली की शेतकरीपणही जातं, पुढे कधी एवढीशी वाडी घ्यायची म्हटली तरी दाखला कुठून आणणार? कातळ ठेवायचं ठरलं. म्हणजे तात्यांची दलाली तेवढी कमी झाली, आणि ती त्यांनीच कमी करून घेतली. (याच गावाच्या नावाने ओळखला जाणारा, रट्टराजाचा 1008 सालचा ताम्रपट म्हणजे गावं दान दिल्याचा दस्त. राजाला दलाल लागला नसावा. आम्हाला लागतो.)

आता फ्लॅटचं काय? तात्या त्या बाबतीत स्पष्ट होते. “माका लिफ्टचा काय कळना नाय.” म्हणून मी काचेच्या ऑफिसातल्या त्याच पोराकडे परत गेले. गंमत म्हणजे तिथे तो खरोखर हुशार निघाला. कुठल्या इमारतीला मे महिन्यात टँकर लागतो, कुणाला भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं नाही, हे त्याला तोंडपाठ. महारेराच्या संकेतस्थळावर त्याचा एजंट म्हणून नोंदणी क्रमांक सापडला. 2023 पासून त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. तात्यांकडे असला क्रमांक नाही आणि शेतजमिनीच्या व्यवहाराला तो लागतही नाही. रेरा कायदा नोंदणी झालेल्या प्रकल्पांपुरता. म्हणजे एकाला तपासायचं ते संकेतस्थळावर, दुसऱ्याला गावात.

मग दोघांची ओढाताण सुरू झाली. हा म्हणे टोकन आजच द्या, फ्लॅट जाईल. ते म्हणत गणपतीपर्यंत थांब. नोंदणीकृत करारनाम्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे मी पाठ करूनच गेले होते. त्याहून बरंच कमी टोकन दिलं, उरलेल्याची तारीख चतुर्थीच्या पुढची लिहून घेतली. दोघांची दलाली किती आणि कधी, तेही कागदावर आणलं: तात्यांना खरेदीखत नोंदल्यावर, याला करारनामा नोंदल्यावर. त्या पोराने जरा तोंड वाकडं केलं, सही केली.

जिना उतरताना त्याने मागून हाक मारली. “ताई, गावातल्या त्या काकांचा नंबर द्याल का? तळेऱ्याच्या बाजूला माझ्याकडे एक जमीन अडकलीय.”