ओटीपर्यंत

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर फिरून विद्यार्थ्यांनी ध्वनिमुद्रित केलेली कातकरी आणि ठाकरी गाणी मराठी विभागातल्या जुन्या संगणकावर ठेवावीत आणि महाविद्यालयात ती कुणालाही ऐकता यावीत, एवढाच आमचा बेत होता. माळशेजच्या पायथ्याकडील एका पाड्यावरच्या म्हातारीने निरोप धाडला : गाणे खुशाल ऐकवा, नाव मात्र कुणाला कळता कामा नये. नावागावांची यादी तर त्याच संगणकात, गाण्यांना खेटून बसलेली!

संगणकावर ओपनबीएसडी ही प्रणाली एका माजी विद्यार्थ्याने बसवून दिली होती. 1995 साली सुरू झालेली ही प्रणाली सुरक्षिततेसाठी नावाजलेली आहे. पण भिंत कुठे आणि कशी घालायची, हे अखेर आपणच ठरवायचे असते. 'सीएचरूट' ही युनिक्समधली 1979 पासूनची युक्ती. तिच्यात एखादी आज्ञावली एका फोल्डरपुरती कोंडली जाते आणि तिला तेच सारे जग वाटते. मी म्हटले, ही तर आपली ओटी. आल्यागेल्याने माजघरात डोकावायचे नाही. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "सर, आमचे आजोबा अंगणातच थांबायचे." उपमांच्या नादात आपण कुणाच्या घरातून बोलतो, हे मराठीच्या प्राध्यापकाला तरी कळायला हवे होते.

पुढे मी उपमा आवरली. सीएचरूटमध्ये कोंडलेल्या आज्ञावलीला मुख्य व्यवस्थापकाचे अधिकार मिळाले, तर ती बाहेर पडू शकते. फ्रीबीएसडीवर 2000 साली आलेले 'जेल' अधिक भक्कम, पण ते ओपनबीएसडीत नाही. संगणकाच्या पोटात दुसरा आभासी संगणक उभा करण्याची सोय आहे. आमच्या प्रोसेसरला ती पेलत नव्हती. 'प्लेज' (2016) आणि 'अनव्हेल' (2018) मला फार आवडले. आपण काय करणार आणि कोणत्या फायली पाहणार, हे आज्ञावली स्वतःच आधी जाहीर करते. प्लेजचा शब्द मोडला, तर प्रणाली तिला तिथल्या तिथे संपवते. मात्र तो शब्द आज्ञावलीतच लिहिलेला असावा लागतो.

या प्रणालीचा वेबसर्व्हर मुळातच सीएचरूटमध्ये चालतो. शेवटी तोच मार्ग धरला, वेगळ्या आणि अधिकारहीन खात्यासह. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. गाणी शोधून देणारी छोटी पर्ल आज्ञावली चालेचना, कारण आतून तिला पर्लच दिसत नव्हते. ते आणि त्याला लागणाऱ्या फायली आत नेऊन ठेवल्यावर ती सुरू झाली. मधल्या काळात वीज गेली ती वेगळीच.

यादीचे काय, हा प्रश्न तरीही उरलाच. सीएचरूटबाहेर ठेवली की झाले, असे माझे मत. त्याने विचारले, "ती संगणकात असायलाच हवी का?" मग आम्ही ती वहीत उतरवली, संगणकातून आणि पेनड्राइव्हवरून पुसली, आणि वही कपाटात ठेवली. म्हातारीचे गाणे आता फक्त एका क्रमांकाखाली ऐकू येते. कपाटाची किल्ली त्याच्याकडे असते.